योसेफाचे काम

अकोला, मिशन आवार
सोमवार, ६ डिसेंबर १९३७

चि. शांतवन यास प्रभूच्या नावाने आशीर्वाद.

मागच्या दोन वर्षांत तुला किती पत्रे टाकली ते आता आठवत नाही. उत्तर आले नाही म्हणून तक्रार नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही लिहिले नसते. पण पत्र परत येत नाही, त्या अर्थी ते तुझ्या घरात कुठेतरी पोचते, एवढे धरून चालतो.

काल उपासना सुटल्यावर पाळक केशवराव मला दाराशी थांबवून म्हणाले, "मास्तर, यंदा नाताळच्या सकाळी तुम्ही बोला. मंडळीत तुमच्याएवढं जुनं माणूस आता उरलं नाही. ख्रिस्तजन्माचा तुम्हाला स्वतःला काय अर्थ लागला, तेवढं सांगा. दहा मिनिटं पुष्कळ झाली."

मी म्हटले, "मी थकलो आहे, मला सोडा." ते हसले. त्यांना वाटले, म्हातारा नम्रपणा करतो आहे. नम्रपणा नव्हता. विहिरीवरून एक बादली आणली की दिवस संपल्यासारखा वाटतो. सरकीच्या गाड्या आवारावरून जातात, कापसाचे तंतू दारात येऊन पडतात, ते झाडायचेही मनात येत नाही. अशा माणसाने सणाच्या दिवशी उभे राहून लोकांना काय सांगावे?

तरी रात्रभर तेच डोक्यात होते. तुला आठवत असेल, शाळेत नाताळचा देखावा दर वर्षी मीच बसवीत असे. मेंढपाळ व्हायला पोरांची झोंबाझोंबी. पूर्वेकडचे ज्ञानी व्हायला त्याहून जास्त, कारण त्यांना जरीचे उपरणे मिळे. देवदूताला लांबलचक भाषण. योसेफाचे काम मात्र कोणालाच नको असे. "मास्तर, त्याले तं काईच बोलाचं नाही," म्हणून पोरे नाक मुरडीत. मग ज्याच्या डोक्यात ओळी राहत नाहीत असा एखादा मुलगा मी धरीत असे. त्याच्या हातात काठी द्यायची आणि सांगायचे, "तुला फक्त उभं राहायचं."

आज शास्त्र उघडून पुन्हा पाहिले. पोरे बरोबर म्हणत होती. मरीया बोलते, दूत बोलतात, मेंढपाळ बोलतात, हेरोद राजासुद्धा बोलतो. योसेफाच्या तोंडी कुठेही एक शब्द नाही. त्याला स्वप्न पडते, तो उठतो, सांगितलेले करतो, आणि पुढे केव्हातरी गोष्टीतून नाहीसा होतो. तो मेला कधी तेही कोणी लिहून ठेवलेले नाही.

याचा मला पूर्वी अभिमान वाटे. बोलू नये, करावे, असा माणूस मला बरा वाटे. मी स्वतःला तसाच समजत आलो. आता तसे वाटत नाही.

तुझी आई गेली तेव्हा ते कळवायला तू तिच्या माहेरी, अंबागेटात सख्ख्या भावाकडे, बापूसाहेब वकिलांकडे गेलास. सत्तावीस वर्षांत त्यांनी बहिणीचे तोंड पाहिले नव्हते. त्यांनी तुला ओसरीवर बसवून जे सांगितले ते घेऊन तू त्याच आठवड्यात इथे आलास. दारात उभा राहून विचारलेस, "तुम्ही माझे कोण?" आणि मी म्हणालो, "आधी जेवून घे." तू जेवला नाहीस. तसाच फिरलास आणि परतीच्या गाडीने गेलास.

तुला वाटले असेल, बापाला उत्तर द्यायचे नाही. खरे असे की मला उत्तर येत नव्हते.

तुझ्या कचेरीतले महादेवराव परवा सासुरवाडीला आले होते. विमलला आठवा लागला, हे मला त्यांच्याकडून कळले. मुलाला मूल होणार आणि ते बापाला तिऱ्हाइताने सांगावे, हे माझेच कर्म. पण ज्याला मूल होणार आहे त्याला आपण कसे जन्मलो ते ठाऊक असावे. बापूसाहेबांनी सांगितले ते अर्धे. उरलेले अर्धे माझ्यापाशी आहे, आणि माझ्यानंतर ते सांगायला कोणी नाही. ते मी लिहिणार आहे. तू वाच किंवा वाचू नको.

थंडी वाढली आहे. विमलला पहाटे पाण्यात हात घालू देऊ नको.

खुशालराव


अकोला
शनिवार, ११ डिसेंबर १९३७

चि. शांतवन यास आशीर्वाद.

तुझी आई १९०८ साली होळीच्या सुमारास इथल्या मिशनच्या बंगल्यावर आली. वय एकोणीस, विधवा, सातवा महिना. घरच्यांनी तिला तीर्थाला नेतो म्हणून गाडीत बसवले आणि अकोल्याच्या फलाटावर सोडून दिले. सोडणारा तिचा भाऊ, म्हणजे हेच बापूसाहेब. ती कोणाला विचारीत विचारीत बंगल्यावर आली. तुझा जन्मदाता कोण, हे तिने मला कधी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. बापूसाहेबांना माहीत असेल तर त्यांना विचार. मी आडवा येणार नाही.

मी तेव्हा बत्तीस वर्षांचा. पहिली बायको प्लेगात गेली होती, मूलबाळ नव्हते. एके दिवशी बंगल्यावरच्या मिशनरी मिससाहेबांनी मला बोलावले. त्या फार बोलत नसत. म्हणाल्या, "खुशालराव, ही माणिक चांगली मुलगी आहे. तुम्ही एकटे आहात. विचार करून पाहा."

मी विचार केला नाही. मी म्हणालो, "मिससाहेब, मी गरीब आहे, पण उकिरडा नाही."

तुझी आई पलीकडच्या ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. मध्ये एक बांबूच्या काड्यांचा, चिकाचा पडदा. ती तिथे आहे हे मी येताना पाहिले होते. तरी बोललो.

हे वाक्य आजवर मी कोणाला सांगितलेले नाही. वर लिहून झाल्यावर कागद फाडावा असे वाटले. फाडत नाही.

योसेफाच्याही मनात पहिल्याने तिला सोडून द्यायचेच होते. पण गुपचूप, तिची अब्रू राखून. मला तेवढेही जमले नाही. पुढे त्याला स्वप्नात दूताने येऊन समजावले. मला कोणी समजावले नाही. स्वप्नेही पडली नाहीत. मला तेव्हा चांगली झोप लागत असे.

मे महिन्यात मिससाहेबांनी तिला नागपूरकडच्या एका आश्रमात बाळंतपणासाठी पाठवायचे ठरवले. बरोबर जाणार होत्या त्या बेबीताईंना आदल्या दिवशी ताप भरला, म्हणून मला जायला सांगितले. मी कुरकुरतच निघालो. डब्यात ती खिडकीशी, मी समोरच्या बाकावर दुसऱ्या टोकाला. लोकांना वाटू नये की आम्ही एकत्र आहोत.

अकोला सोडून तासभरही झाला नसेल, तिचा चेहरा उतरला. तिने मला हाक मारली नाही. शेजारच्या म्हातारीच्या कानात काही बोलली. म्हातारी माझ्यावर ओरडली, "ओ भाऊ, बसून काहून राहिले? बाईले उतरवा. दिवस भरले तिचे."

भरले नव्हते. महिनाभर बाकी होता. पण उतरलो.

ते ठेसन इतके लहान की त्याचे नाव लिहून उपयोग नाही. फलाटावर एक कडुनिंब, बाकी नुसते ऊन. तिथल्या बाबूने विचारले, कोण, कुठले, बाई तुमची कोण लागते? मी म्हटले, मिशनची आहे. त्याने खोलीला कुलूप घातले आणि जेवायला निघून गेला.

रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंटमन नत्थुजीची बायको पार्वताबाई पाणी भरत होती. तिने घागर खाली ठेवली. "इकडं आना तिले," ती म्हणाली. "उन्हात मारता का?" त्यांची रुळाच्या कडेला एक पत्र्याची खोली होती. आत शेळी बांधली होती. ती सोडून तिने बाहेर निंबाला बांधली आणि गोणपाट अंथरले.

गावातून सुईण आणली, गंगूबाई तिचे नाव. तिने दारातूनच पाहिले आणि मागे सरली. म्हणाली, "बाईच्या कपाळाले कुंकू नाही, गळ्यात मणी नाही. हे कोनाचं लेकरू? उद्या फौजदार आला तं मले धरून नेईन. बापाचं नाव सांगा, मंग मी हात लावीन."

पार्वताबाई तिच्या पाया पडली. गंगूबाई हलली नाही. भीती वाटणारच, अशा बायांची मुले नाहीशी होत आणि सुईणी तुरुंगात जात.

तुझी आई भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती. ओठ दाताखाली दाबलेला, रक्त आलेले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहून उपयोग नाही हे तिला ठाऊक झाले होते. तेच मला सोसवले नाही. दया आली असे लिहिले असते तर बरे दिसले असते. दया नव्हती, लाज होती.

मी म्हणालो, "लेकरू माझं आहे. मी नवरा."

गंगूबाईने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "मंग इतका वेळ मुका होता का?" म्हणाली, आणि आत गेली.

तू टळटळीत दुपारी जन्मलास. पत्रा असा तापला होता की पार्वताबाईने आपले लुगडे भिजवून दाराला टांगले. कोणी गाणे गायले नाही. तू रडलास तेव्हाच मालगाडी आली आणि नत्थुजी झेंडा घेऊन पळाला. मी शेळीपाशी उभा होतो. कोणीतरी फडक्यात गुंडाळून तुला माझ्या पुढे धरले. मी घेतले नाही. म्हटले, "हात खराब आहेत."

ऊन उतरल्यावर तुझ्या आईने मला दाराशी बोलावले. "तुम्ही खोटं बोललात," ती म्हणाली.

"हो."

"आता काय करणार?"

"अकोल्याला परत जाऊ."

तिने डोळे मिटून घेतले. पंधरा दिवसांनी मिशनच्या देवळात आमचे लग्न झाले आणि त्याच दिवशी तुझा बाप्तिस्मा. नोंदवहीत बापाच्या रकान्यात मी माझे नाव माझ्या हाताने लिहिले.

आता जे विचारायचे असेल ते विचार.

खुशालराव


अकोला
सोमवार, २० डिसेंबर १९३७

चि. सौ. विमल हिस प्रभूच्या नावाने आशीर्वाद.

तुझे कार्ड शनिवारी मिळाले. "मामंजी, ते तुमची पत्रे उघडत नाहीत. फेकूनही देत नाहीत, फडताळात ठेवतात. ही दोन मी उघडली, मला क्षमा करा. पुढचे मलाच लिहा."  सासऱ्याने सुनेला जे सांगू नये ते सगळे तुला कळून चुकले. तुला राग आला नाही, उलट प्रश्न विचारलास, याचे मला नवल वाटते. मिशनच्या बोर्डिंगात वाढलेल्या मुली आमच्या वेळच्या बायांपेक्षा धीट दिसतात. ते बरे आहे.

तू विचारतेस, मग त्यांचा लळा तुम्हाला केव्हा लागला?

पहिली तीन वर्षे लागला नाही. मी वाईट वागलो नाही. मारले नाही, उपाशी ठेवले नाही. पण शांतवनला उचलूनही घेतले नाही. तो रांगत माझ्याकडे आला की मी वही उघडीत असे. माणिकबाई ते पाही आणि मुलाला उचलून आत नेई.  लोकांना वाटे, मास्तर कडक शिस्तीचा आहे.

तो तीन वर्षांचा असताना त्याला विषमज्वर झाला. बारा दिवस ती एकटी त्याच्यापाशी होती. कपाळावरची पट्टी बदलायची, चमच्याने पाणी पाजायचे, पुन्हा पट्टी. मी शाळेत जाई, येई, डॉक्टरला विचारी, औषध आणी. म्हणजे घराबाहेरचे सगळे करी. तेराव्या दिवशी सकाळी मी शर्टाच्या गुंड्या लावीत होतो, तेवढ्यात ती बसल्या जागी कलंडली. मूल तिच्या मांडीवरून घसरू लागले. दुसरे कोणी नव्हते. मी धावून त्याला उचलले.

तो इतका हलका झाला होता की मी घाबरलो. तापाने कढत, आणि हातात काही नसल्यासारखा. त्याने डोळे उघडून पाहिले, हे कोण आहे ते ओळखले, आणि माझ्या शर्टाची गुंडी मुठीत धरून पुन्हा झोपला. सोडवायला गेलो तर सुटेना. मी तसाच संध्याकाळपर्यंत बसलो. शाळेत निरोपही पाठवला नाही. नोकरीतली माझी विनापरवानगी गैरहजेरी ती एकच. योसेफाला दूत आला तसा मला कोणी आला असेल तर त्या सकाळी आला, आणि त्याच्या अंगात ताप होता.

माणिकबाईला शुद्ध आली तेव्हा तिने आम्हा दोघांना पाहिले. म्हणाली, "राहू द्या. तुमच्यापाशी झोपला आहे." एवढेच. पण त्या दिवसापासून ती माझ्याशी घरातल्या माणसासारखे बोलू लागली.

तिच्या मनात काय होते, असेही तू विचारलेस. ते मला नीट सांगता येणार नाही. नाताळच्या उपासनेला ती सगळ्यांच्या मागे बसे. सगळे गात, ती गात नसे. मी एकदा विचारले, गात का नाहीस? म्हणाली, "सगळे मरीयेला धन्य धन्य म्हणतात. दिवस भरलेली बाई एवढा प्रवास करून आली, परक्या जागी बाळंत झाली, आणि लगेच लोक बघायला आले. दमली असेल हो ती. तिला जरा पडू द्या, असं एकानंही म्हटलं नसेल." मी म्हटले, असे बोलू नये.  आता वाटते, सबंध मंडळीत तो सण समजला होता तो एकट्या तिला.

शेवटच्या आजारात, जायच्या दोन दिवस आधी, तिने मला जवळ बसवले. म्हणाली, "त्या दिवशी मिससाहेबांना तुम्ही बोललात, ते मला ऐकू आलं होतं."

सत्तावीस वर्षे आम्ही एका ताटात नाही तरी एका चुलीचे खाल्ले, आणि ते वाक्य तिच्यापाशी होते. ती रागाने बोलली नाही. तिला ते फक्त मनात ठेवून जायचे नव्हते. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "औषध घे."

तिने घेतले. विमल, ते औषध तिने माझे मन राखायला घेतले. माफी मागायला पुरे दोन दिवस होते. मी पट्टी बदलली, पाय चेपले, खोली झाडली. मागितली नाही.

तेव्हा नाताळचा अर्थ सांगायला मंडळीने भलताच माणूस निवडला आहे. केशवरावांना तसे सांगायला गेलो होतो. ते नव्हते, दर्यापूरकडच्या खेड्यांत गेले आहेत. आता बोलावेच लागणार.

शांतवनवर जोर करू नको. त्याचा राग खरा आहे. तू दुपारची पडत जा. कोणी पाहुणे आले तरी पड.

खुशालराव


अकोला
रविवार, २६ डिसेंबर १९३७

चि. सौ. विमल हिस आशीर्वाद.

शांतवन दुपारच्या गाडीने निघाला. हे पत्र पोचेपर्यंत तो तुझ्यापाशी असेल, पण तो काही सांगायचा नाही. तो माझ्याकडेच शिकला आहे. म्हणून लिहितो.

शुक्रवारी दुपारी मी पोरांना वाटायला आलेली वरूडची संत्री निवडत बसलो होतो. दारात सावली पडली. हातात पिशवी, तोंड उतरलेले. म्हणाला, "विमलनं पाठवलं. तिन्ही पत्रं तिनं मला वाचून दाखवली. मी नको म्हणत होतो, ती वाचतच राहिली."

माझ्या तोंडात 'जेवून घे' आलेच होते. गिळले. म्हणालो, "बस. काय विचारायचं ते विचार."

तो उंबऱ्यावरच बसला. पिशवी पायाशी ठेवली. मग विचारले, "आई सुखी होती का?"

"माहीत नाही. मी विचारलं नाही."

"सत्तावीस वर्षांत?"

"नाही."

तो हसला, पण चांगले हसला नाही. म्हणाला, "मला राग कशाचा आला ते तुम्हाला अजून कळलं नाही. तुम्ही माझे जन्मदाते नाही, याचा नाही आला. बापूसाहेबांच्या ओसरीवरून उठलो तेव्हा मी ठरवूनच आलो होतो. तुम्ही 'मी तुझा बाप' एवढं म्हणाला असता, तर मी पुढं एक अक्षर विचारणार नव्हतो. तुम्ही म्हणाला नाहीत. त्या सुईणीपाशी म्हणालात, परक्या बाईपाशी. माझ्यापाशी नाही."

मी इतकी वर्षे समजत होतो की त्याला माझी लाज वाटते. त्याला वाट पाहायला लावले होते, हे माझ्या डोक्यातही आले नव्हते.

मी संत्र्यांची टोपली बाजूला केली आणि उभा राहिलो. बसून बोलवेना. म्हणालो, "तू माझा मुलगा आहेस. मी तुझा बाप आहे. तुझ्या आईची माफी मागायची राहिली, ती आता मागता येत नाही. तुझी मागतो."

विमल, आवाज असा निघाला की मलाच ओळखू आला नाही.  तो "हं" म्हणाला, बादली उचलली आणि विहिरीवर पाय धुवायला गेला. मी आत जाऊन दोन भाकरी टाकल्या. तो जेवला.

काल सकाळी आम्ही दोघे बरोबर देवळात गेलो. तो मागच्या बाकावर बसला, आई बसे त्या जागी. मुद्दाम की चुकून, ते मी विचारले नाही. मी टिपण केले होते, पण उभा राहिल्यावर ते खिशातच राहिले. माणिकबाईची गोष्ट मी सांगितली नाही. ती मंडळीची नव्हे. आठवते तेवढे लिहितो.

मी म्हणालो, "मी पुष्कळ वर्षं देखावा बसवला, आणि योसेफाला गप्प उभं केलं. तसं शिकवायला नको होतं. तो बोलला असणार. लिहिणाऱ्यांना ते लिहावंसं वाटलं नाही, एवढंच. मूल रडलं की 'आलो रे, आलो' असं कोणीतरी म्हटलंच असेल. मरीयेला 'तू पड, मी बघतो' असंही म्हटलं असेल. म्हटलं नसेल, तर म्हणायला हवं होतं. आपण नाताळ म्हटला की दूतांचं गाणं काढतो. मला त्या घरातली दोन दमलेली माणसं दिसतात. देव आला तो त्यांच्याकडे आला. दुसऱ्याचं मूल म्हणून एकजण आधी नाही म्हणाला होता. मग हो म्हणाला. मला ख्रिस्तजन्म समजला तो इतकाच. नाही म्हटलेल्या माणसालासुद्धा हो म्हणायला वेळ दिला जातो. पण तो वेळ फार लांबवू नये."

आणि मी बसलो. पाच मिनिटेही झाली नव्हती. केशवराव घड्याळाकडे पाहू लागले आणि त्यांनी एक गीत जास्तीचे घेतले. बाहेर आल्यावर जयवंताबाई, ज्या प्रत्येक उपदेशात डुलक्या घेतात, मला म्हणाल्या, "मास्तर, बरं बोलले तुमी. लवकर आटपलं." माझ्या भाषणावर एवढाच अभिप्राय मिळाला.  पण घरी येताना शांतवन माझ्या पावलाने चालत होता. रोज तो केवढा झपाझप चालतो ते तुला ठाऊकच आहे.

संध्याकाळी म्हणाला, "विमलला माहेर नाही. बाळंतपणाला तुम्ही या." मी म्हटले, "मी म्हातारा तिथं काय करणार?" तर म्हणाला, "ती म्हणते, घरात मोठं माणूस हवं." मी कबूल केले आहे. पाच तारखेला निघतो. मला स्वयंपाक येतो, पाणी तापवता येते, आणि रडणारे मूल घेऊन कितीही वेळ बसता येते. माझ्यासाठी वेगळे काही करू नको.

आज सकाळी मी दाढीला बसलो होतो. हात कापतो, म्हणून आठवड्यातून एकदाच करतो, आणि दर वेळी कुठेतरी लागतेच. शांतवन ओट्यावर चहा पीत होता. आरशात मला तो दिसत होता. मी गालाला दोनदा कापून घेतले तेव्हा त्याने कप खाली ठेवला आणि उठून आला. म्हणाला, "आणा इकडं."

वस्तरा घेतला. मला उन्हाकडे तोंड करून बसवले, पुन्हा साबण लावला आणि माझी हनुवटी दोन बोटांनी वर धरली. इतक्या जवळून त्याचा चेहरा मी फार वर्षांत पाहिला नव्हता. नाक माणिकबाईचे आहे. भुवया आणि जिवणी कोणाची ते मला माहीत नाही. इतके दिवस त्या चेहऱ्याकडे पाहताना मी तेवढा भाग टाळून पाहत आलो. आज पाहिला. चांगला चेहरा आहे.

वस्तरा गळ्यापाशी आला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आले आणि मान थरथरली.

"बाबा, हलू नका," तो म्हणाला.

मी हललो नाही.

खुशालराव